मानपत्र क्रमांक अडुसष्ट

विश्वासघात हा मुळात राजेमहाराजांचा विषय. त्याला गडाचा चोरदरवाजा लागतो, आतल्या महालातली मसलत लागते, जवळच्या माणसाच्या अंगरख्यात लपवलेली कट्यार लागते. त्यानं घराणी बुडतात, सरहद्दी हलतात आणि पुढं शेकडो वर्षं शाळेतल्या पोरांना त्याच्या सनावळ्या पाठ कराव्या लागतात.

अण्णारावांचा झाला तो बुधवारी सकाळी साडेदहाला, नांदेडात, तरोडा नाक्याच्या मागच्या गल्लीत, सुनेच्या जुन्या लॅपटॉपवर, उजवीकडच्या खिडकीत. त्या वेळी त्यांच्या हातात चहात बुडवलेली खारी होती. तिचा अर्धा भाग तुटून कपात पडला. इतिहासानं नोंद घ्यावी असं नुकसान एवढंच.

अण्णाराव मानपत्रं लिहीत. बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत नोकरी केली, पण कचेरीत काय केलं ते आज त्यांनाही आठवत नाही. लोकांना आठवतात ती मानपत्रं. हदगावचे गुरुजी सेवानिवृत्त झाले, मुरुडच्या सोसायटीच्या चेअरमनची एकसष्टी आली, कुणाचा मुलगा फौजदार झाला, की शाल आणायला एक माणूस बाजारात जाई आणि मजकूर आणायला दुसरा अण्णारावांकडं येई. शालीत फसवणूक होई, मजकुरात नाही. नांदेड आणि लातूर अशा दोन जिल्ह्यांत मिळून त्यांची सदुसष्ट मानपत्रं भिंतींवर टांगलेली होती. काहींच्या मागं पाली राहत होत्या, पण मजकूर पुढच्या बाजूला शाबूत होता.

एवढ्या लोकांना थोर केलेल्या या माणसाबद्दल मात्र कुणी कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. स्वतःच्या सेवापूर्तीचं मानपत्र कचेरीनं त्यांनाच लिहायला लावलं होतं. "तुमच्याइतकं कुणाला जमणार की!" असं म्हणून. अण्णारावांनी लाजेखातर हात आखडता घेतला, आणि समारंभात लोक एकमेकांना म्हणाले, "अण्णाराव आता थकले बरं का. मानपत्रात पहिल्यासारखा दम न्हाई."

ते त्यांना फार लागलं होतं. म्हणून यंदा पंच्याहत्तरी आली, रविवारी मंगल कार्यालय ठरलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. मानपत्र संगमेश्वर लिहील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

संगमेश्वर मूळचा मुरुडचा, आता लातूरला मुलाकडं राहतो. कचेरीत दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती, मधली तीन वर्षं सोडली तर कायम. ती तीन वर्षं अण्णाराव किनवटला होते, आणि तिथं ते हौसेनं गेले नव्हते. बसवंतराव नावाचे साहेब होते. साहेबांना बासरीचा नाद. दुपारी जेवण झालं की ते केबिनमध्ये खिडकीकडं तोंड करून वाजवत आणि अख्ख्या स्टाफनं ऐकायचं. एकदा एका लांबलेल्या सुरावर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब वळले. "कोण हसलं?" अण्णाराव उभे राहिले. महिन्यात किनवटची ऑर्डर हातात.

पुढं बसवंतराव निवृत्त झाले आणि त्यांचं मानपत्र लिहायची पाळी अण्णारावांवरच आली. 'आपण या कार्यालयाचा वटवृक्ष आहात' पासून शेवटापर्यंत एकही शब्द खरा नव्हता. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून त्यांनी ते संगमेश्वरला वाचून दाखवलं होतं, आणि दोघं इतके हसले होते की हॉटेलवाल्यानं पाणी आणून ठेवलं. त्या मानपत्रातली प्रत्येक ओळ खोटी आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

लॉकडाऊनमध्ये घरात बसून अण्णारावांनी सगळी मानपत्रं संगणकावर उतरवून काढली. सून शिल्पा पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असते. तिनं आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि त्यावर लिहायचा एक साधा प्रोग्राम टाकून दिला. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळी पाटी आणि पांढरी अक्षरं. फायलींची नावं टाइप करायची की त्या उघडतात. एकदम बऱ्याच उघडायच्या असतील तर कशा मांडायच्या तेही आधीच सांगावं लागतं. ते तिनं एका पुठ्ठ्यावर लिहून लॅपटॉपशेजारी उभं केलं होतं: नुसती नावं दिली तर एक दिसेल, बाकीच्या मागं रांगेत थांबतील, इंग्रजी छोटा ओ दिला तर एकाखाली एक, मोठा ओ दिला तर शेजारी शेजारी.

अण्णाराव पाच वर्षं छोटा ओ देत आले. मोठ्या ओला शिफ्ट दाबावं लागतं, त्याला दुसरा हात लागतो, आणि दुसऱ्या हातात चहा असतो.

सगळं उतरवून झाल्यावर एका पेन ड्राइव्हवर नक्कल घेऊन ती त्यांनी संगमेश्वरच्या हातात ठेवली होती. "ही माझी अमानत हाय तुझ्याकडं. माझं मशीन बसलं तर तुझ्यापाशी असू दे."

"असू दे की," संगमेश्वर म्हणाला आणि पेन ड्राइव्ह सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. आता तो आतला खिसा आठवला की अण्णारावांना कट्यारीची आठवण येते.

आता ज्याचं मानपत्र त्यानं ते आधी बघायचं नसतं. अण्णारावांना ते दिसलं ते लातूरच्या मडिवाळप्पामुळं. मडिवाळप्पाचं छपाईचं आणि फ्रेमचं दुकान. या भागातलं कुठलंही मानपत्र छापायच्या आधी तो ऱ्हस्वदीर्घ तपासायला अण्णारावांकडं पाठवतो. वीस वर्षांची सवय. मंगळवारी त्यानं सवयीनं हेही पाठवलं, खाली नेहमीचा निरोप लिहून: "अण्णासाहेब, चुका बघून अर्जंट कळवा, पार्टी घाईत हाय." पार्टी कोण आहे हे त्यानं वाचलंच नव्हतं.

अण्णारावांनी बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं.

वाचताना त्यांचा चष्मा दोनदा धुरकटला. 'आपण या कार्यालयाचा वटवृक्ष आहात. आपल्या सावलीत किती पाखरं विसावली, याची गणती त्या पाखरांनाही नाही.' काय लिहिलं होतं संग्यानं! बत्तीस वर्षं शेजारी बसून जो माणूस नुसता "हं" आणि "बरं" म्हणत आला, त्याच्या मनात आपल्याबद्दल एवढं साठलेलं असेल? वटवृक्ष कुठंतरी ओळखीचा वाटला, पण वटवृक्ष सगळ्यांनाच ओळखीचा वाटतो. एका ओळीवर मात्र ते जरा अडखळले. 'आपल्या बासरीच्या सुरांनी कचेरीच्या रुक्ष भिंतीही मोहरून गेल्या.' अण्णारावांनी जन्मात बासरीला ओठ लावलेला नव्हता. पाच मिनिटं विचार करून त्यांना अर्थ लागला. बासरी म्हणजे आपलं बोलणं! प्रतिमा आहे ती. संग्या प्रतिमा वापरतो, हे त्यांना पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं आणि भरून आलं.

त्यांनी ते आपल्या संग्रहात अडुसष्टावं म्हणून ठेवून दिलं.

बुधवारी सकाळी त्यांना हौस आली. हे रत्न आपल्या जुन्या मानपत्रांच्या सोबत बघावं. त्यांनी आठ फायली उघडल्या, छोट्या ओनं. एवढ्याशा पडद्यावर एकाखाली एक आठ खिडक्या, प्रत्येकीत जेमतेम दोन ओळी. सगळीकडं तेच: 'सन्माननीय महोदय, आज आपल्या गौरवाचा हा मंगल क्षण'. मानपत्राची सुरुवात अशीच करायची असते. पाच वर्षं अण्णारावांनी आपलं समग्र साहित्य असंच दोन-दोन ओळींच्या फटींतून बघितलं होतं आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

"शिल्पा, ह्यात पोटातलं काही दिसंना गं."

शिल्पा डबा भरून निघायच्या बेतात होती. तिनं पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. "मामा, किती वर्षं लिहून ठेवलंय की. मोठा ओ. आठ कशाला उघडून राहिलात? दोनच उघडा, उभी मोठी दिसतील. आडवं मांडलं तर डोकी तेवढी दिसतात."

"तू लाव बरं. एका बाजूला अडुसष्ट."

"अन् दुसरी?"

अण्णारावांनी खारी चहात बुडवली आणि मनातल्या मनात हसले. खऱ्या मानपत्राशेजारी जगातलं सगळ्यात खोटं मानपत्र ठेवून बघायची मजा त्यांना घ्यायची होती. "बसवंतरावाचं लाव. एकतीस नंबर."

शिल्पानं शिफ्ट दाबली. पाटी मधोमध उभी चिरली गेली. डावीकडं बसवंतराव, उजवीकडं अण्णाराव. डावीकडं वटवृक्ष, उजवीकडं वटवृक्ष. डावीकडच्या पाखरांच्या बरोबर समोर उजवीकडची पाखरं. शिल्पा खालच्या कळेवर बोट ठेवून सरकवत गेली तसतसे दोन्ही रकाने हातात हात घालून वर जात राहिले.

खारी पडली ती इथं.

"काय की," शिल्पा म्हणाली, "थांबा." तिनं अजून काहीतरी टाइप केलं. "आता जिथं फरक हाय तिथं रंग दिसल." रंग पाच ठिकाणी दिसला. नाव, हुद्दा, गाव, तारीख, आणि 'साहेब'च्या जागी 'अण्णासाहेब'. बाकी सगळी पाटी काळीच्या काळी. बासरीच्या ओळीवर रंगाचा ठिपका नव्हता.

अण्णारावांनी चमच्यानं कपातली खारी बाहेर काढली. मग म्हणाले, "त्याला माहीत होतं गं. एकेक ओळ खोटी हाय, हे त्याला माहीत होतं. सोबत बसून हसला होता."

शिल्पाला त्यांची दया आली असती. पण तिचं लक्ष पडद्यावर होतं. "मामा, हे 'पाखरांनाही गणती नाही' आमच्या बाबांच्यात पण हाय ना?"

शिल्पाचे वडील व्यंकटराव, नायगावचे हेडमास्तर. त्यांचं मानपत्र बैठकीत लावलेलं आहे. आलेल्या पाहुण्याला आधी ते वाचावं लागतं, मग पाणी मिळतं.

"असल," अण्णाराव म्हणाले. "एखादी ओळ येते इकडची तिकडं."

शिल्पानं क्रमांक बेचाळीस उघडली. तीही एकतीसच्या शेजारी, मोठ्या ओनं. रंग सात ठिकाणी आला. बासरीच्या जागी तिथं 'शिस्तीच्या छडीच्या सुरांनी' होतं.

"तुझ्या वडलांना मी दोन ठिकाणी जास्त बदललं होतं," अण्णाराव म्हणाले.

शिल्पानं लॅपटॉप मिटला, डबा उचलला आणि पायात चपला सरकवल्या. दारातून म्हणाली, "बाबा ते रोज फडक्यानं पुसतात, मामा."

एरवी ही गोष्ट अण्णारावांना दिवसभर पुरली असती. पण ज्याला स्वतःला लागलेलं असतं त्याला दुसऱ्याचं लागलेलं उद्यावर ढकलता येतं. त्यांनी दोन्ही मानपत्रं शेजारी शेजारी एका कागदावर छापून घेतली, कागदाची घडी खिशात घातली आणि लातूरची बस धरली. वाटेत बोलायची वाक्यं त्यांनी पाठ केली. मोठी जोरकस वाक्यं होती. सवयीनं शेवटचं वाक्य 'आपणांस उदंड आयुष्य लाभो' असं तयार झालं, ते त्यांनी अहमदपूरजवळ खोडलं.

संगमेश्वर घरी नव्हता. त्याची बायको कमलम्मा म्हणाली, "फ्रेम बघायला गेलेत की, भावजी. तुमचीच." मग जरा थांबून म्हणाली, "बसा, चहा करते." अण्णाराव बसले नाहीत. हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा झालं, म्हणून ती दारापर्यंत आली.

मडिवाळप्पाच्या दुकानात संगमेश्वर स्टुलावर बसून सोनेरी पट्ट्या निवडत होता. अण्णारावांनी कागद टेबलावर पसरला. संगमेश्वरनं चष्मा पुसला. डावीकडचं वाचलं. उजवीकडचं वाचलं.

"हे दोन्ही एका कागदावर कसं आणलंस?"

"सुनेनं दाखवलं. मोठा ओ दिला की शेजारी शेजारी येतं."

"अन् आधी?"

"आधी एकाखाली एक यायचं. दोन-दोन ओळी दिसायच्या."

"बरं होतं की मग," संगमेश्वर म्हणाला.

पाठ केलेली सगळी वाक्यं त्या एका वाक्याखाली सापडली. अण्णारावांचा आवाज चढला. "संग्या, अमानत दिली होती तुला! जपायला दिली होती. अन् चोरून चोरून कुणाचं चोरलंस? सदुसष्ट होती. भल्या माणसांची होती. तुला बसवंतरावाचंच घावलं?"

"चांगलं होतं ते."

"खोटं होतं!"

"खोटं होतं, पण सगळ्यात चांगलं होतं. सगळी वाचली मी, चार दिवस. अण्णा, तुला राग आला की तू लई मन लावून लिहितोस. भल्या माणसांवर लिहिलेली अगदीच पाणचट हायत तुझी." आणि मग, जसं काही ही चौकशी त्यानंच सुरू केली होती, "वाचून रडलास का न्हाई?"

अण्णारावांनी टेबलावरचा कागद उगीच सरळ केला.

"खरं सांग की गा."

"रडलो."

"मग झालं तर."

"झालं कसं? एकदा, जन्मात एकदा, मला वाटलं कुणीतरी माझ्यावर लिहिलं. अन् ते मीच लिहिलेलं निघालं. तेही त्या बासरीवाल्यावर! तुला माझ्याबद्दल चार ओळी सुचू नयेत, संग्या? बत्तीस वर्षांत?"

मडिवाळप्पा काच पुसत होता. त्याच्या आत्ता कुठं लक्षात आलं की मंगळवारी पार्टी कोण होती, आणि त्यानं काच जास्तच बारकाईनं पुसायला घेतली.

संगमेश्वरनं सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. तिथून पेन ड्राइव्ह निघाला, आणि त्याच्यासोबत घडी घातलेले वहीचे कागद. ते त्यानं टेबलावर अण्णारावांच्या कागदाशेजारी ठेवले. "लिहिलं होतं. चार पानं. कमलम्माला वाचून दाखवलं. ती म्हणली, हे सभेत वाचलं तर भावजी उठून जातील अन् मी पण."

अण्णारावांनी वरचं पान उचललं. अक्षर फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाचं होतं, मुद्द्यांना क्रमांक दिलेले.

'१. अण्णाराव चिडका आहे. २. शुद्धलेखनावरून त्याने तीन लग्नपत्रिका परत पाठवल्या, त्यात माझ्या मुलीची एक. ३. कचेरीत साहेबांच्या बासरीला हसलो तो मी. साहेबांनी विचारले तेव्हा हा उठला. आमची कमलम्मा तेव्हा आठव्या महिन्यात होती. हा तीन वर्षे किनवटला राहिला. परत आल्यावर मी त्याला काही बोललो नाही, त्याने मला काही विचारले नाही. रोज शेजारी बसत होतो. ४.'

चौथ्या मुद्द्यापुढं काही नव्हतं. बाकीची तीन पानं तिसऱ्या मुद्द्याचीच होती, पुन्हा पुन्हा लिहून खोडलेली.

"हे सभेत कसं वाचायचं की," संगमेश्वर सोनेरी पट्टीकडं बघत म्हणाला. "तुझ्या सुनेपुढं, नातवंडांपुढं. लोक म्हणतील, एवढी वर्षं हा बोलला न्हाई? हेच वाचायला गेलो की आवाज जातो माझा. ते वटवृक्षाचं बरं हाय. सरळ वाचता येतं."

"तरी बसवंतराव," अण्णाराव म्हणाले. आवाज मघाचा राहिला नव्हता, पण राग तसाच जागेवर होता. तो इतक्यात उठायचा नव्हता. "दुसऱ्या कुणाचं घ्यायचंस. त्या किनवटच्या ऑर्डरीवर ज्याची सही हाय, त्याच्यावरचे शब्द तू माझ्या अंगावर घातलेस."

"चुकलं," संगमेश्वर म्हणाला. बत्तीस वर्षांत त्यानं हा शब्द पहिल्यांदा वापरला, आणि तो त्याला जड गेला हे दिसत होतं. "पण आता छापायचं काय ते सांग. मडिवाळप्पा मघापासून तीच काच पुसून राहिलाय. तू न्हाई म्हणलास तर रविवारी नुसती शाल देऊ."

अण्णाराव उभेच होते. नुसती शाल म्हणजे काय, हे दोन जिल्ह्यांत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. कार्यालय ठरलेलं होतं. व्यंकटराव नायगावहून येणार होते, त्यांच्यापुढं हे मानपत्र वाचलं जाणार होतं, आणि व्यंकटरावांना आपलं मानपत्र तोंडपाठ होतं. वटवृक्ष आला की ते मान वर करणार. पाखरं आली की शिल्पाकडं बघणार. शिल्पा कुणाकडं बघणार, ते अण्णारावांनी पुढं मनात येऊ दिलं नाही.

त्यांनी वहीची चारही पानं नीट घडी केली, खोडाखोडीसकट, आणि आपल्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. पेन ड्राइव्ह उचलला, मागंपुढं फिरवून बघितला आणि परत संगमेश्वरपुढं सरकवला.

"म्हणजे छापू का, अण्णासाहेब?" मडिवाळप्पानं विचारलं.

"छाप."

"ऱ्हस्वदीर्घ?"

"बरोबर हायत. ते मीच लिहिलंय." अण्णाराव दारापर्यंत गेले. पायरीवर थांबले, वळले, आणि ज्या आवाजात माणूस चहात साखर कमी टाक म्हणतो त्या आवाजात म्हणाले, "बासरीची ओळ तेवढी काढ, बाबा. न्हाईतर रविवारी लोक वाजवून दाखवा म्हणतील."